पत्रादेवी ते पोळे: पदयात्रेबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

माझ्या मुलाला डुशेन हा स्नायूंचा आजार आहे. त्याची माहिती गावोगावी पोचवायला आणि अशा मुलांसाठी पैसे जमवायला गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर मी गोव्यात पत्रादेवीहून पायी निघाले आणि अकराव्या दिवशी पोळेच्या चेकनाक्यावर पोचले. यंदा पुन्हा निघायचं आहे. तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर, डिचोलीच्या बाजारात, आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर तेच तेच प्रश्न येतात. एकदा तर एका गृहस्थांनी मुदत ठेवीची पावती हातात घेऊन डुशेनची लक्षणं विचारली, मागे रांग उभी होती. म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. बाबू हे मुलाचं घरातलं नाव. खरं नाव का नाही, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

१. ही पदयात्रा कुठून कुठे आणि किती लांब?

गोव्याच्या उत्तर सीमेवरून दक्षिण सीमेपर्यंत, पण हमरस्त्याने नाही. पत्रादेवी, पेडणे, धारगळ, कोलवाळ, अस्नोडा, डिचोली, साखळी, वाळपई, उसगाव, फोंडा, शिरोडा, सावर्डे, केपे, बाळ्ळी, काणकोणची चावडी आणि शेवटी पोळे. सरळ राष्ट्रीय महामार्ग ६६ धरला असता तर अंतर बरंच कमी झालं असतं. पण म्हापसा-पणजी-मडगावात माहिती कशी ना कशी पोचते. सत्तरीत आणि सांगे-केप्याच्या आतल्या गावांत पोचत नाही, म्हणून हा वळसा. माझ्या फोनने १८७ किलोमीटर मोजले. त्यातले सहा मी चालले नाही, त्याचा कबुलीजबाब प्रश्न १६ मध्ये.

२. बाबूला नेमकं काय झालंय? पोलिओ का?

नाही. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायूंच्या पेशींना धक्के सोसायला मदत करणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन त्याच्या शरीरात तयारच होत नाही. त्यामुळे प्रत्येक हालचालीत पेशींची थोडी झीज होते, आणि झिजलेल्या जागी हळूहळू चरबी आणि तंतू भरतात. आधी मांड्या आणि कंबर, मग दंड, पुढे श्वासाचे स्नायू आणि हृदय. आजार जन्मापासून असतो, पण दिसायला लागतो दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान. जवळजवळ सगळे रुग्ण मुलगेच असतात, साधारण ३५०० ते ५००० मुलग्यांमागे एक. डुशेन हे १९व्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टरांचं आडनाव. हा आजार संसर्गजन्य नाही. बाबूच्या वर्गातल्या एका आईने आपल्या मुलाची जागा बदलून मागितली होती, म्हणून हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिते.

३. आमच्या मुलाच्या पिंडऱ्याही अशाच भरीव आहेत. घाबरायचं का?

नुसत्या पिंडऱ्यांवरून नाही. पण हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

बाबू तीन वर्षांचा असताना घरी येणारा जो तो म्हणायचा, "पिंडऱ्या बघ पोराच्या, फुटबॉलर होणार!" फुटबॉल हा आपला राज्य खेळ, त्यामुळे हे कौतुक गोव्यात कुणाच्याही तोंडी सहज येतं. आम्हीही खूश. त्या पिंडऱ्या स्नायूंनी नाही, चरबीने आणि तंतूंनी भरलेल्या होत्या हे आम्हाला अडीच वर्षांनी कळलं. तोवर तो जिन्याला कठडा धरायचा, पळताना मागे राहायचा, सारखा पडायचा, आणि आम्ही म्हणायचो, "आळशी आहे, बापावर गेलाय." बापाने ते अजून मनाला लावून घेतलंय.

तर बघायचं ते हे. चालायला दीड वर्षाच्या पुढे लागलं का? चवड्यावर चालतो का? बदकासारखा डुलत चालतो का? दोन्ही पाय उचलून उडी मारता येते का? बोलायला उशीर झाला का (हेही लक्षण असू शकतं, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही)? आणि मुख्य म्हणजे त्याला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि उठायला सांगा. आधी ओणवा होऊन, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठत असेल, तर थांबू नका. या उठण्याला डॉक्टर गॉवर्सची खूण म्हणतात.

मग एक रक्ततपासणी: सीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज. साधी आहे, खर्च काही शे रुपयांचा, उपाशीपोटी जावं लागत नाही. एरवी आकडा साधारण दोनशेच्या आत असतो. डुशेनमध्ये तो काही हजारांत जातो, कधी वीस-तीस हजारांच्या वर. आकडा वाढलेला आला म्हणजे डुशेनच असं नाही. पण मग पुढची पायरी जनुकीय तपासणीची, आणि ती टाळायची नाही. आमची अख्खी पदयात्रा या एका तपासणीसाठी आहे म्हटलं तरी चालेल.

४. आम्हाला लिव्हरचं सांगितलंय. तुमचंही तसंच झालं होतं ना?

हो. बाबूच्या रक्तात एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेलं आलं आणि आठ महिने आम्ही यकृताचे उपचार करत राहिलो. सोनोग्राफी झाली, पथ्य झालं, तळलेलं बंद, आजीचे काढे सुरू. कुठे झालं ते सांगत नाही, त्याचा आता उपयोग नाही.

ही दोन्ही द्रव्यं यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. स्नायू झिजले की ती रक्तात उतरतात आणि दोष यकृतावर येतो. मुलगा लहान आहे, कावीळ नाही, जीजीटी (यकृताची आणखी एक तपासणी) सामान्य आहे आणि तरी हे आकडे महिनोन्महिने वर आहेत, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "एकदा सीके बघूया का?" एवढं वाक्य पाठ करून जा.

५. हा आजार आईकडून येतो म्हणतात. म्हणजे दोष तुमच्यात?

हा प्रश्न लोक मला विचारत नाहीत, सासूबाईंना विचारतात. त्यांचं ठरलेलं उत्तर आहे: "मुलाला नाक पण तिचंच आलंय, त्याचं काय करायचं?"

डिस्ट्रॉफिनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलीकडे दोन एक्स, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा बहुधा सांभाळून घेतो. मुलाकडे एकच, आणि तो आईकडूनच येतो. साधारण दोन तृतीयांश मुलांच्या आया वाहक असतात. उरलेल्या एक तृतीयांशांत बिघाड त्या मुलातच नव्याने झालेला असतो, आईचं जनुक ठीक असतं. मी वाहक निघाले. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. यात दोष कसला? मी काही निवडून दिलेलं नाही. पण ज्यांच्या घरी निदान झालंय त्यांनी पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला घ्यावा, आणि आईच्या बहिणींनाही कळवावं. ही बातमी माहेरी सांगणं सोपं नसतं. मी दोन महिने लांबवली, ते चुकलंच.

६. बाबू तुमच्याबरोबर का चालत नाही? त्याचा फोटोही कुठे दिसत नाही.

चालला तर फोटो छान येतील आणि त्याचे स्नायू खर्ची पडतील. विशेषतः उतार आणि जिने उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि डुशेनमध्ये नेमकी तीच झीज जास्त होते. त्याने थकेपर्यंत चालायचं नाही, असं त्याच्या फिजिओथेरपिस्टने बजावलं आहे. पोहणं चालतं. घरात तो फिरतो, बाहेर व्हीलचेअर वापरतो.

फोटोचं आणि खऱ्या नावाचं म्हणाल तर मी त्याला विचारलं होतं. तो नऊ वर्षांचा आहे आणि त्याने "नको" म्हटलं. पत्रकार मंडळींनी कृपया हा प्रश्न पुन्हा विचारू नये.

७. मग अकरा दिवस मुलाकडे कोण बघतं?

त्याचा बाप. गंमत म्हणजे हा प्रश्न मला शंभरदा आला, आणि मी रोज आठ तास नोकरीला जाते तेव्हा तो कुणालाच पडत नाही. रात्रीचे स्प्लिंट (पायांना द्यायचे आधार) बांधणं, सकाळचं स्ट्रेचिंग, गोळ्या हे सगळं बाबूच्या बाबांना माझ्याहून बरं जमतं. संध्याकाळी त्याची ताई असते. तिने त्या अकरा दिवसांत बुद्धिबळात त्याच्याकडून सहा डाव हरल्याची तक्रार केली, बाकी काही नाही.

८. तुम्ही स्वतः वाहक आहात. इतकं चालणं तुम्हाला बरं का?

चांगला प्रश्न, आणि तो मला बाकी कुणी नाही, वाळपईच्या एका परिचारिकेने विचारला. काही वाहक स्त्रियांचेही स्नायू थोडे दुबळे असतात, आणि हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो. म्हणून निघण्याआधी मी इकोकार्डिओग्राम आणि ईसीजी करून घेतला. दोन्ही ठीक निघाले, तरी काही वर्षांनी पुन्हा करायचे आहेत. तुम्ही वाहक असाल तर चाला किंवा चालू नका, पण हृदयाची तपासणी करा. मुलाच्या फायली सांभाळताना आईची फाइल कुणी उघडत नाही.

९. ते सोळा कोटींचं इंजेक्शन, त्यासाठीच पैसे जमवताय ना?

नाही. सोळा कोटींचं म्हणून आपल्याकडे गाजलेलं इंजेक्शन झोलजेन्स्मा, ते एसएमए या वेगळ्या आजारासाठी. नावं कानाला सारखी लागतात, म्हणून गोंधळ होतो.

डुशेनसाठीही एक जनुकीय उपचार आहे. एलेव्हिडिस, अमेरिकेत जून २०२३ मध्ये मंजूर झालं, किंमत ३२ लाख डॉलर. रुपयांत पंचवीस कोटींच्या वर. पण २०२५ मध्ये, चालणं थांबलेल्या दोन मुलांचा तो घेतल्यावर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो चालू शकणाऱ्या मुलांपुरताच ठेवला आणि वेष्टनावर कडक इशारा छापायला लावला. हा उपचार आजार मुळापासून बरा करत नाही. आणखी एक प्रकार आहे, जनुकातला एखादा तुकडा वगळून वाचायला लावणारी औषधं. पहिलं २०१६ मध्ये मंजूर झालं, पण ते ज्यांचा बिघाड एका ठरावीक जागी आहे अशा सुमारे १३ टक्के मुलांनाच लागू पडतं. बाबूचा बिघाड त्या जागी नाही.

आजच्या घडीला गोव्यात बसून हाताशी काय आहे? स्टेरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट. त्याने चालणं काही वर्षं जास्त टिकतं. त्याची किंमतही मोजावी लागते: वजन वाढतं, उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होऊ शकतो. बाबूचे गाल गोल झालेत ते त्यामुळे, मोदकांमुळे नाही. त्याच्या जोडीला रोजचं स्ट्रेचिंग, स्प्लिंट, वर्षाला हृदयाची तपासणी, पुढे श्वासाची. ऐकायला फार साधं वाटतं, पण मुलाला वर्षं मिळतात ती यानेच. आणि यालाही पैसे लागतात, माणसं लागतात, म्हणून पदयात्रा.

१०. सरकार दुर्मीळ आजाराला पन्नास लाख देतं असं वाचलं. मग लोकांकडे कशाला मागता?

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ चं. सुरुवातीला मर्यादा वीस लाख होती, २०२२ मध्ये ती पन्नास लाख केली. डुशेन त्या यादीत तिसऱ्या गटात आहे, म्हणजे उपचार फार महाग आणि कोणाला लाभेल ते पारखून घ्यावं लागतं असे आजार. पण हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत, ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत उपचारावर खर्च होतात. आपल्याला जवळचं केंद्र मुंबईचं केईएम. नोंदणी तिथे करा, जरूर करा. थिवीहून कोकणकन्या पकडायची, सकाळी मुंबईत. खालचा बर्थ आधी मागून घ्या, मुलाला वर चढवणं होत नाही.

इथे गोव्यात दोन गोष्टी लगेच करता येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे, तेव्हा प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. त्यावर दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज करता येतो. कागद जमवताना कंटाळा येतो, मलाही आला. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ प्रत कुणालाही देऊ नका.

११. हा नवस आहे का? कुठे कौल लावला होता?

नवस नाही. कौल लावला होता, सासूबाईंच्या समाधानासाठी, उजवा मिळाला. त्यानंतर गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. दोन्हींत भांडण आहे असं आमच्या घरी कुणी मानत नाही.

चालण्याची कल्पना मात्र देवाकडूनच आली म्हणायची. आमच्या वाड्यावरून दरवर्षी दिंडी पंढरपूरला जाते. शेजारचा रोझारियो दर डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला पायी जातो. चालणाऱ्या माणसाला गोव्यात कुणी वेडा म्हणत नाही, पाणी देतात आणि कुठे निघालात विचारतात. मला हवा होता तो हाच प्रश्न. भाषणाला थांबणार नाहीत ती माणसं पाणी देताना दहा मिनिटं ऐकतात.

१२. आमच्या गावचे वैद्य एक तेल देतात. स्टेम सेलबद्दलही ऐकलंय. करून बघायला काय हरकत?

हलक्या हाताने मालीश केल्याने मुलाला बरं वाटतं, आम्हीही करतो. पण कुठल्याच तेलाने डिस्ट्रॉफिन तयार होत नाही. पोटात घ्यायची भस्मं, काढे डॉक्टरांना न सांगता देऊ नका. आणि कुणी सांगितलं म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. कमी करायचं ते टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

स्टेम सेलचं स्पष्ट सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारात मंजूर संशोधन चाचणीबाहेर असा उपचार देता येत नाही, आणि चाचणीत सहभागी होण्याचे पैसे घेतले जात नाहीत. तुमच्याकडे कुणी काही लाख मागत असेल तर उठून या. जमीन विकून आलेले आईबाप मी पाहिलेत.

१३. जमलेले पैसे कुठे जातात? बाबूसाठी किती?

बाबूसाठी शून्य. त्याचा खर्च आम्ही दोघं पगारातून करतो. तुम्ही दिलेले पैसे एका नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जातात आणि चार गोष्टींवर खर्च होतात: ज्यांना परवडत नाही त्यांची सीके आणि जनुकीय तपासणी, घरी जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं मानधन, स्प्लिंट, आणि मुंबईच्या फेऱ्यांचं भाडं. जनुकीय तपासणीत आधी एमएलपीए नावाची चाचणी करतात, त्यात बहुतेक मुलांचा बिघाड सापडतो. उरलेल्यांना पुढची, महाग तपासणी लागते. पैसा जास्त तिथे जातो.

पदयात्रेचा खर्च यातून होत नाही. माझे बूट माझे.

१४. संस्था वगैरे नको, तुमच्याच खात्यावर टाकले तर?

भावना कळते, पण नको. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांवर रक्कम आली तर ती माझं उत्पन्न धरली जाते आणि कर लागतो. आणि पतसंस्थेत काम करणाऱ्या बाईने दुसऱ्यांच्या मुलांचे पैसे स्वतःच्या खात्यात ठेवावेत, हे मलाच पटत नाही. भरबाजारात कुणी हातात नोट कोंबली तर मी तिथेच पावती फाडते. रागावू नका.

१५. करसवलत मिळते का? आणि इंग्लंडात स्विंडनला असलेला माझा भाऊ पैसे पाठवू शकतो का?

सवलतीचं आधी. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, व्यक्तीला दिलेल्या नाही. दोन हजारांवर रोख दिली तर मिळत नाही. जुनी करप्रणाली निवडली असेल तरच मिळते. तांदूळ, बूट, छत्र्या दिल्या तर आभार मिळतात, सवलत नाही.

आता भाऊ. हा प्रश्न गोव्याबाहेरच्यांना कळायचा नाही. भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर चालतं. पण त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल, तर तो कायद्याने परदेशी नागरिक. ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरीही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना तो मिळतो, आणि आपल्यातल्या कितीजणांनी घेतलाय ते सगळ्यांना ठाऊक आहे. अशा माणसाची देणगी ही २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखालची विदेशी देणगी ठरते, आणि आमच्या संस्थेची त्या कायद्याखाली नोंदणी नाही. भावाने तुमच्या खात्यात पाठवायचे आणि तुम्ही आम्हाला द्यायचे, हा चोरवाटेचा मार्गही नको.

"जन्म लिस्बनला नोंदवलाय, पण पासपोर्ट अजून भारतीयच आहे" असेही तिघांनी लिहिलं. अशांना परदेशी धरायचं का, यावर वकिलांत एकमत नाही, म्हणून आमचे सीए म्हणतात, त्यांचे पैसे घेऊ नका, त्यांना चालायला बोलवा. नाताळला आलेत तर संक्रांतीपर्यंत राहा म्हणावं.

१६. मी किलोमीटरमागे दहा रुपये कबूल केले होते. तुम्ही सगळं अंतर खरंच चाललात का?

नाही. करमल घाटात सहा किलोमीटर मी गाडीत बसले. वळणं अरुंद, पायवाट नाही, त्या सकाळी धुकं आणि मागून एकामागून एक ट्रक. पोलिसांनी सांगितलं, "बाय, गाडीत बसा," आणि मी वाद घातला नाही. त्यामुळे हिशेब १८१ किलोमीटरचा. तुमचे १८१० रुपये होतात, १८७० नाही. एकाने उरलेले साठ रुपये परत मागितले, ते दिले. दुसऱ्याने "घाट मी तुमच्या वतीने चालतो" म्हणून खरंच रविवारी जाऊन चालला आणि साठ रुपये वर दिले.

यंदा घाटाचा तुकडा सरळ वगळलाय.

१७. जागतिक डुशेन दिवस ७ सप्टेंबरला असतो. त्या दिवशी का नाही काढत?

या जनुकात ७९ तुकडे, म्हणजे एक्सॉन असतात, म्हणून सातवा-नववा, ७ सप्टेंबर. कल्पना सुंदर आहे, पण ती सुचलेल्याने गोव्याचा सप्टेंबर पाहिलेला नसावा. पाऊस असतो, रस्त्यात खड्डे असतात, आणि चवथ त्याच्या आसपास असली तर घराबाहेर माणूस मिळत नाही. डिसेंबरात फेस्ताची आणि पर्यटकांची गर्दी. संक्रांतीनंतर सकाळी गारवा असतो, आणि दारोदारी तिळगूळ मिळतो तो वेगळा.

१८. आम्हालाही चालायचंय. एकच दिवस आलं तर चालेल? काय आणायचं?

एक दिवस काय, एक फर्लांगही चालेल. पहाटे साडेपाचला निघतो, साडेदहाला थांबतो, त्यानंतर ऊन सोसत नाही. दुपारी शाळा, अंगणवाडी, पंचायत जे असेल तिथे तासभर बोलायचं. प्रत्येक पोलीस ठाण्याला आगाऊ पत्र दिलेलं असतं.

जुने, रुळलेले बूट घाला. गेल्या वर्षी मी नवे घातले आणि अस्नोड्यापर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. मोजे दोन जोड, टोपी, पाण्याची बाटली, अंधारात चमकणारं जाकीट (नसेल तर आमच्याकडे काही आहेत). रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. कुत्र्यांसाठी काठी आणू नका, बिस्किटं आणा. उसगावच्या पट्ट्यात ट्रकची धूळ असते, दम्याच्या लोकांनी तो दिवस टाळावा.

१९. जेवण आणि मुक्काम?

सकाळी पोदेर (पाववाला) भेटेल तिथे गरम उंडे, म्हणजे पाव. साडेदहाला कुणाच्या तरी घरी पेज आणि तोरांचं, म्हणजे कैऱ्यांचं लोणचं. अकरा दिवसांत एकदाही पेज विकत घ्यावी लागली नाही. देव बरें करूं. रात्री फोंडा महालात देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत), पुढे एका ठिकाणी चर्चच्या हॉलमध्ये, बाकी शाळेत किंवा ओळखीच्या घरी. अंथरूण आपापलं.

२०. माझा मुलगा व्हीलचेअरवर आहे. त्याला आणू का?

जरूर. त्याच्यासाठी तीन सपाट टप्पे ठरवलेत, प्रत्येकी दोन किलोमीटरचे, मागून गाडी असेल. मोटरची खुर्ची असेल तर चार्जिंगची सोय मुक्कामावरच आहे. वाटेतली शौचालयं मी गेल्या वर्षी मोजपट्टी घेऊन पाहिली. खुर्ची आत जाईल अशी फारच थोडी निघाली. ज्या गावात नाही, तिथे कुणाच्या घरी सोय केली आहे ते आदल्या दिवशी कळवू.

२१. मुलाचा दात काढायचाय, छोटंसंच काम आहे. डुशेनचं सांगायची गरज आहे का?

आहे. दाताचं असो, हाडाचं असो, पूर्ण भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. सक्सिनिलकोलीन आणि वासातून द्यायची काही भुलीची औषधं या मुलांना धोक्याची असतात, हृदय थांबू शकतं. आम्ही बाबूच्या दप्तरात आणि व्हीलचेअरच्या मागच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली आहे: आजाराचं नाव, स्टेरॉइडचा डोस, ही औषधं नकोत, आणि दोन फोन नंबर. पडून हाड मोडलं तरी "सहा आठवडे झोपून राहू दे" हा सल्ला लगेच मान्य करू नका. मोडलेलं हाड जुळतं, पण अंथरुणात गेलेलं चालणं बहुधा परत येत नाही. डुशेन माहीत असलेल्या डॉक्टरांशी त्याच दिवशी बोला.

२२. अशी मुलं किती वर्षं जगतात?

पूर्वी विशीच्या आतबाहेर. आता हृदयाची आणि श्वासाची नीट काळजी घेतली, रात्री श्वासाला मदत करणारं यंत्र वेळेवर सुरू केलं, तर तिशीत आणि पुढेही. बहुतेकांचं चालणं मात्र बाराव्या वर्षाच्या सुमारास थांबतं.

उत्तर दिलं. आता विनंती: हा प्रश्न मुलासमोर विचारू नका. त्याला ऐकू येतं.

२३. पोळेहून परत कसं यायचं?

चेकनाक्याजवळच्या गाड्यावर चहा घ्यायचा, मग काणकोण किंवा मडगावची कदंबा बस पकडायची. मडगावहून सगळीकडे बस आहेत. कदंबाच्या पायऱ्या उंच असतात, खुर्चीवाल्या मुलांसाठी आम्ही दोन गाड्या ठेवल्या आहेत, आदल्या रात्रीपर्यंत नाव कळवा. आमच्या गाडीत जागा मागू नका, कारण आम्ही सरळ घरी येत नाही. बाबूला गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी घातलेली जागा बघायची असते. गेल्या वर्षी खुर्ची वाळूत रुतली, बाबांनी पाठीवर घेतलं, आणि कासव काही दिसलं नाही. कुंपण घातलेली घरटी तेवढी दिसली, तीन. त्याने मोजली.